हाणामारीतलं हसू

जेम्स बाँडचा पहिला चित्रपट 'डॉ. नो' १९६२ साली आला. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, म्हणजे १९६७ साली, याच बाँडची भरपूर थट्टा करणारा 'कॅसिनो रॉयल' पडद्यावर झळकला. डेव्हिड निव्हन, पीटर सेलर्स यांच्यासारखे नामवंत नट, पाच दिग्दर्शक आणि पाण्यासारखा ओतलेला पैसा, असा सगळा थाट होता. पुढे १९९४ मध्ये जेम्स कॅमेरूनचा 'ट्रू लाइज' आला. त्याचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. त्यातला नायक जगाला वाचवणारा हेर; पण घरी बायकोची समजूत अशी, की आपले हे कॉम्प्युटर विकायची नोकरी करतात. विमानं झेपावतात, पूल उडतात, आणि प्रेक्षकांना हसू फुटतं ते या नवराबायकोच्या घोटाळ्याला.

एवढा खर्च करून उभा केलेला रुबाब आपल्याच हातांनी मोडायचा, यात लोकांना इतकी गंमत का वाटावी? बड्या नायकाची फजिती झाली की आपल्या मनातला मत्सर शमतो, असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. मत्सराचं हसू कडवट असतं. या चित्रपटांना तर लोक मुलाबाळांना घेऊन जातात आणि परतताना तोच नायक त्यांना अधिक जवळचा वाटू लागलेला असतो. खरं कारण निराळं असावं. ते शोधायला हॉलिवूडपर्यंत जायचीही गरज नाही. बाँडचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी आपल्या परळ-लालबागच्या प्रेक्षकांनी एका बुटक्या, गुबगुबीत, भाबड्या चेहऱ्याच्या माणसावर याच कारणासाठी जीव टाकला होता. त्याचं नाव भगवान आबाजी पालव. पडद्यावर मास्टर भगवान आणि सगळ्या गिरणगावाचे भगवानदादा.

१९१३ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि १ ऑगस्टला भगवान पालव यांचा जन्म झाला. म्हणजे आपला चित्रपट आणि हा माणूस एकाच वयाचे. वडील गिरणीत कामाला. शिक्षण बेताचंच. मुलानेही मोलमजुरी केली. पण ओढ दोनच गोष्टींची, कुस्ती आणि सिनेमा. आखाड्यातल्या मातीनेच त्यांना 'दादा' ही पदवी दिली म्हणतात. त्या काळी दादा म्हणजे गुंड नव्हे, अंगात रग असलेला वडीलधारा.

मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत 'बेवफा आशिक' या चित्रपटात त्यांना काम मिळालं. लगेच १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. बोलपटाने अनेक जुन्या नटांचा धंदा बसवला, कारण त्यांची जीभ वळेना. भगवान यांचं भांडवल मात्र जिभेपेक्षा अंगात होतं. उडी, कोलांटी, धडक, पडणं आणि पडून पुन्हा उठणं याला भाषा लागत नाही. गिरणगावात कोकणातला माणूस होता, घाटावरचा होता, उत्तर हिंदुस्थानातला होता, आंध्रातला होता. हाणामारी सगळ्यांना सारखी कळे.

शिवाय स्टंटपटांची खाण परळातच होती. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये होता. तिथूनच १९३५ साली नाडियाची 'हंटरवाली' निघाली. पुढे त्याच जागेवर व्ही. शांतारामांनी राजकमल उभारलं. म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीच्या कुशीतच चाबूक, घोडे आणि धावत्या गाडीवरच्या मारामाऱ्या तयार होत होत्या.

१९३८ मध्ये चंद्रराव कदमांच्या जोडीने भगवान यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला आणि तिथून पुढे दहा-अकरा वर्षं त्यांनी स्वस्तातल्या स्टंटपटांचा धडाका लावला. 'बदला', 'दोस्ती', 'मतवाले', 'भेदी बंगला' ही त्यांतली काही नावं. दिग्दर्शन त्यांचं, काम त्यांचं, कपड्यांची व्यवस्था त्यांची आणि कामगारांच्या जेवणाची काळजीही त्यांचीच. एक चित्रपट त्यांनी ६५ हजार रुपयांत पुरा केल्याची कथा आजही सांगितली जाते. बाबुराव पहिलवानांसारखे आखाड्यातले गडी पडद्यावर त्यांच्या जोडीला असत.

माझे वडील चाळीसच्या दशकात कोकणातून मुंबईला आले आणि साचेखात्यात लागले. पाळी सुटली की चार आणे खिशात घालून ते या चित्रपटांना जात. मला त्यांच्या तोंडून जे ऐकायला मिळालं, त्यात कथानक कधीच नसे. कोणाचा खून, कोणता खजिना, हे त्यांना आठवत नसे. त्यांना आठवे ती एक विशिष्ट प्रकारची मारामारी. समोर धिप्पाड खलनायक, इकडे भगवान. खलनायक ठोसा उगारतो, भगवान नेमके त्याच क्षणी चप्पल शोधायला वाकतात आणि ठोसा जातो मागच्या भिंतीवर. अशा तऱ्हेची चार दृश्यं वडील घरात करून दाखवत आणि आई चुलीपुढून ओरडे.

यात एक मेख आहे. नायक शूर असतो, पण भगवान यांचा माणूस भाबडा असे. तो लढायला गेलेला नसतो, लढाई त्याच्या अंगावर आलेली असते. मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्या, खाडा पडला तर पगार कापला जाणाऱ्या कामगाराला असा नायक परका वाटत नाही. देखणा, उंच, घोड्यावरचा वीर त्याला आवडायचा, पण तो त्याच्या जागी स्वतःला बसवू शकत नव्हता. भगवान मात्र त्याच्यासारखेच होते. तसंच पोट, तसेच आखूड हात, तसाच गोंधळ. आणि एवढं असून जिंकतात! खलनायकाची भीती खरी, मार खरा, आणि त्यातून मिळालेलं हसूही खरं. हेरपटांची थट्टा करणाऱ्या चित्रपटांचं मला वाटणारं मर्म हेच. त्यांत नायकाला खाली खेचायचं नसतं. नायकाच्या त्या लखलखीत जगात साध्या माणसाला एक जागा करून द्यायची असते. ते जग जितकं महागडं, तितकं त्यात चुकून शिरलेल्या साध्या माणसाचं पाऊल अधिक गमतीचं.

हे हसू आणायला कसब लागतं. त्या काळी कॅमेऱ्याचा वेग थोडा कमी ठेवून चित्रण करत, म्हणजे पडद्यावर तीच हालचाल झपाट्याने होताना दिसे. पण नटाचा अंदाज अर्ध्या क्षणाने चुकला तर कॅमेरा काहीही झाकू शकत नसे. बदली माणूस नाही, खाली जाळी नाही, वर तार नाही. भगवान आपले स्टंट स्वतः करत.

या कसबाला एक काळी कडाही आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. ती इतकी जोरात बसली की ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. तीन वर्षं औषधोपचार चालले. नायिकेची वाट बंद झाली. त्या बाईंनी पुढे खाष्ट सासवा रंगवून आपलं निराळं राज्य उभं केलं, हे त्यांचं कर्तृत्व. पण पडद्यावरच्या ज्या माराला आपण खोटा म्हणून हसतो, तो कधी कधी कोणाच्या तरी अंगावर खरा उमटलेला असतो. जोखमीचे हिशेब मांडत ज्याची नोकरी गेली, त्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विसरता येत नाही.

त्याच सुमारास भगवान यांनी एका तरुण संगीतकाराचा हात धरला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. भगवान यांनी १९४१ मध्ये 'वनमोहिनी' नावाचा तमिळ जंगलपट दिग्दर्शित केला, त्याचं संगीत रामचंद्रांचं. १९४२ च्या 'सुखी जीवन'ने त्यांना हिंदीत आणलं, तेही भगवान यांच्याच दिग्दर्शनाखाली. मराठी माणूस धंद्यात मराठी माणसाला पुढे आणत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ही जोडी त्या तक्रारीला चांगलं उत्तर आहे.

१९४२ मध्येच भगवान जागृती पिक्चर्सचे निर्माते झाले आणि १९४७ मध्ये त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ काढला. गिरणी कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला होता. पण प्रतिष्ठा? ती अजून दूर होती. गिरगावातल्या आणि दादरच्या पांढरपेशा घरांत 'प्रभात'च्या चित्रपटांवर चर्चा होत. स्टंटपट म्हणजे पिटातल्या शिट्ट्या, मवाल्यांचा धुडगूस. गंमत म्हणजे याच घरांत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड उशीखाली लपवून वाचले जात. मुखवटे, गुप्त दरवाजे, भेदी बंगले यांची हौस सगळ्यांनाच होती. ती उघड कबूल करायची कोणी, एवढाच प्रश्न होता.

स्टंटपट सोडून एक सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला राज कपूर यांनी त्यांना दिला. त्यातून १९५१ साली 'अलबेला' जन्माला आला. नायिका गीता बाली. त्या काळच्या या आघाडीच्या अभिनेत्रीने स्टंटपटांतल्या नटासमोर उभं राहायचं कबूल केलं, हा तिचा मोठेपणा. कथा साधी. गरीब घरातला प्यारेलाल, नाटकाचं वेड, घरच्यांशी भांडण, मग यश आणि घरी पाठवलेले पैसे घरापर्यंत पोहोचतच नाहीत, हा घात. सी. रामचंद्रांनी या चित्रपटात बाँगो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांची अशी काही झिंग आणली, की त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत 'अलबेला' जाऊन बसला. रामचंद्र त्यात चितळकर या नावाने स्वतः गायलेही.

मी 'अलबेला' पाहिला तो सत्तरच्या दशकात, मॅटिनीला. तोवर चित्रपट जुना झाला होता, पण गाणं सुरू झालं की लोक खुर्च्यांमधल्या वाटेत उतरून नाचत. भगवान यांचा नाच पाहा. त्यात झेप नाही, गिरकी नाही. खांदे हलतात, हात लाटेसारखे वर-खाली होतात, पाऊल अर्धंच पुढे जातं. ज्याला नाचता येत नाही त्यालाही वाटावं, की हे मला जमेल. हाणामारीत त्यांनी जे केलं तेच नाचातही केलं. अवघड गोष्टीत साध्या माणसाला जागा करून दिली. पुढे अमिताभ बच्चन आणि गोविंदा यांच्या नाचात लोकांनी भगवान ओळखले, ते उगीच नव्हे.

पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या, अशी त्या वैभवाची वर्णनं आहेत. मग १९५३ मध्ये 'झमेला', १९५६ मध्ये किशोरकुमारना घेऊन 'भागम भाग'. पण 'अलबेला'ची जादू परत साधली नाही. १९६६ चा 'लाबेला'ही चालला नाही. किशोरकुमारना घेऊन मांडलेल्या 'हंसते रहना'च्या डावात तर उरलंसुरलं गेलं.

इथे माझ्यातला बँकेचा माणूस बोलल्यावाचून राहत नाही. त्या काळात चित्रपटाला बँकेचं कर्ज ही गोष्टच नव्हती. सरकारने चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा दिला तो १९९८ साली, आणि त्यानंतर कुठे बँकांचे दरवाजे किलकिले झाले. तोवर निर्मात्याने जायचं कुठे? वितरकाची आगाऊ रक्कम आणि सावकाराचं भरमसाट व्याज. तारण म्हणून चित्रपटाची निगेटिव्ह. लॅबोरेटरीचं बिल थकलं तर तीही अडकून पडे. चित्रपट आपटला की तारणाची किंमत शून्य. मग हात जातो तो घरावर, गाडीवर, बायकोच्या दागिन्यांवर. गिरणीच्या शेठने धंदा बुडवला तर कंपनी बुडते, त्याचा बंगला शाबूत राहतो. भगवान यांनी धंदा आणि घर यांच्यामध्ये भिंतच घातली नव्हती. दिलदार माणसाचा हा नेहमीचा हिशेब. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला, आणि भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले.

दैवाचा खेळ असा, की नेमकं त्याच वेळी त्यांचं जुनं दुकान नव्या पाटीखाली जोरात चालू लागलं होतं. 'लाबेला' पडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, जितेंद्रचा 'फर्ज' आला आणि हिंदी पडद्यावर हेरांची लाट उसळली. १९६८ मध्ये रामानंद सागर यांचा 'आंखें' आला, त्यात धर्मेंद्रच्या हेरगिरीला मेहमूदच्या विनोदाची जोड होती. गुप्त दरवाजे, वेषांतरं, मारामारी आणि मधूनच हशा. हे सगळं गिरणगावाने वीस वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं, फक्त आता रंग होते, परदेशी वाटावीत अशी यंत्रं होती आणि पैसा होता. ज्याच्याकडे ही कला होती, त्याच्याकडे मात्र भांडवल उरलं नव्हतं.

भगवान छोट्या-छोट्या भूमिका करत राहिले. आधीच्या 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी'तल्या कामांत निदान बाळसं होतं. पुढे पुढे एखाद्या नाचात, एखाद्या पार्टीच्या दृश्यात ते क्षणभर दिसत आणि थिएटरात कुजबुज होई. बरे दिवस असताना भोवती असलेली माणसं पांगली. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि राजिंदर कृष्ण यांच्यासारखे थोडे मित्र तेवढे चाळीत भेटायला येत राहिले, असं सांगतात.

५ जानेवारी १९८२ रोजी सी. रामचंद्र गेले. त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. त्या दिवसांत मी परळ भागातल्या एका शाखेत काऊंटरवर होतो. बचत खात्यातले शेवटचे शंभर-दोनशे काढायला येणारी माणसं मी पाहिली आहेत. भगवान यांच्या चित्रपटांना चार आण्यांत पिटात बसणारा प्रेक्षक तो हाच. कलावंत आणि त्याचा प्रेक्षक, दोघंही एकाच वस्तीत, एकाच रीतीने मोडले.

पण वस्तीने त्यांना टाकलं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्या चाळीपुढे बँड थांबायचा, 'अलबेला'चं गाणं वाजायचं आणि भगवानदादा खाली उतरून ती ठेवणीतली पावलं टाकायचे, ही हकिगत दादर-परळमधल्या अनेक घरांत आजही सांगितली जाते. पुढच्या पिढीत गिरगावात वाढलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांनी महेश कोठारे यांच्या 'दे दणादण' आणि 'धडाकेबाज' यांसारख्या चित्रपटांत हाणामारीतला तोच भाबडा माणूस रंगवला आणि साऱ्या महाराष्ट्रातली मुलं खदखदून हसली. धागा तुटला नव्हता.

४ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने भगवानदादा गेले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्यावर निघाला. मंगेश देसाईंनी त्यांची भूमिका केली, विद्या बालन यांनी गीता बालींची. नव्या पिढीला नाव तरी कळलं.

मला खंत आहे ती वेगळीच. ज्या स्टंटपटांनी हा माणूस घडवला, त्यांतले बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, तोवर चाळीसच्या दशकातल्या स्वस्त चित्रपटांच्या निगेटिव्ह जपाव्यात असं कोणाला वाटलं होतं? 'प्रभात'च्या चित्रपटांची आठवण ठेवायला लिहिणारे-वाचणारे लोक होते. पिटातल्या प्रेक्षकांची आठवण त्यांच्या डोक्यात राहिली आणि त्यांच्याबरोबरच गेली. माझे वडील करून दाखवत ते चपलेचं दृश्य कोणत्या चित्रपटातलं, हे आता सांगायला कोणी नाही.

'अलबेला' मात्र आहे. नातवंडांना कोट्यवधींचे हेरपट जरूर दाखवावेत. त्यातल्या वेंधळ्या हेराला ती हसतात, तेही बरंच आहे. पण एखाद्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर 'अलबेला' लावून पाहा. पहिली दहा मिनिटं ती कुरकुर करतील. मग गाणं येईल, तो गुबगुबीत माणूस खांदे हलवू लागेल, आणि घरातलं सगळ्यात लाजरं पोरसुद्धा उठून त्याच्यासारखं अर्धं पाऊल टाकेल.